तेलाचा काटा आणि रुईचा बोळा

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी मानपान, पंगती, आहेर यांतल्या कशावरही वाद घातला नाही. एकच मागणं मागितलं: पोरीला इंटरच्या परीक्षेला बसू द्या. दारव्ह्याच्या त्या बैठकीत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी गादीवरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "बसू द्या काय म्हणता! आमच्या मोटारीतून यवतमाळले नेऊन बसवू!" बैठक खूश झाली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोटारीतून, या शब्दाकडे तेव्हा कोणाचंच लक्ष गेलं नाही.

लग्नानंतर मला कळलं, की दिलेलं वचन परीक्षेचं नव्हतं, मोटारीचं होतं. मोटार निघाली तर मी जाणार, नाही निघाली तर नाही. दारव्ह्याहून यवतमाळला सर्व्हिस मोटार, म्हणजे भाड्याची बस, जायची, छोटी आगगाडी जायची, हौशी लोक सायकलवरही जायचे. पण कापसाच्या जीनवाल्यांची सून चारचौघांत बसून जात नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ऐकवून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी ऐन परीक्षेत टायर फुटले आणि त्या मापाचे दुसरे मिळेनात. माझा फॉर्म वाया गेला. साठ सालानंतर लगेचची ही गोष्ट. पुढच्या वर्षी मी पुन्हा फॉर्म भरला. त्या घरात सुनेची परीक्षा दोनदा हुकली, की तिचं शिक्षण पूर्ण झालं असं धरत. तिसऱ्यांदा मला कोणी विचारणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मोटार काळी, विलायती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती. एका निवृत्त साहेबाकडून सासऱ्यांनी ती घेतली होती. चालवायचे माझे दीर. परीक्षा जवळ आली तशी आम्ही एकदा यवतमाळला केंद्र बघून यायला निघालो, आणि लाडखेडच्या अलीकडेच दिरांनी गाडी थांबवली. तेलाचा दाब दाखवणारा काटा हळूहळू खाली येऊन पार झोपला होता. तसंच दामटलं तर इंजिन जळेल, असं म्हणून त्यांनी गाडी वळवली आणि रमतगमत घरी आणली. घरी येईतो काटा पुन्हा उभा.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात रोज संध्याकाळी सभा भरायला लागली. गावात ज्यांच्याकडे बैलगाडीसुद्धा नव्हती, तेही इंजिनावर बोलायला यायचे. दीर गाडी सुरू करायचे, सगळे खिडकीतून काट्याकडे बघायचे आणि काटा शहाण्या पोरासारखा ताठ उभा राहायचा. मग कोणीतरी तेल किती आहे ते दाखवणारी कांडी उपसायचं, पुसायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा उपसून उजेडात धरायचं आणि "हूं" म्हणायचं. त्या "हूं"नंतर चहा यायचा. चहा करायला मी होतेच.

आता ती कांडी पुसायची कशानं? दुसऱ्या गावात असती तर फडक्यानं पुसली असती. आमच्याकडे हंगामात दारापासून न्हाणीपर्यंत रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, उडायची. सासऱ्यांचं म्हणणं असं, की जीनवाल्याच्या घरात फडकं हाताळणं म्हणजे हलवायाच्या घरी गूळ चाटणं. दिव्याची वात रुईची, औषध गाळायचं रुईतून, जखमेवर रुई, शाई सांडली तरी रुई. म्हणून कांडीही रुईनंच पुसत. रुई हाताशी नसली, तर सासरे कानातला अत्तराचा फाया काढायचे आणि त्यानं पुसायचे. पुढे पुढे इंजिन तापलं की अंगणभर वाळ्याचा वास सुटायचा आणि पाहुणे म्हणायचे, वा, काय मोटार आहे!

पहिलं निदान सासऱ्यांचं. "तेल कमी पडून राह्यलं." तेल ओतलं. बाजारच्या तेलात कचरा असतो म्हणून नरसाळ्यात रुई ठेवून गाळून ओतलं. काटा रस्त्यावर पुन्हा झोपला. दुसरं निदान दिरांचं. त्यांनी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक अर्धं वाचलं होतं, आणि अर्धं वाचलेला माणूस फार ठाम असतो. तेल पातळ आहे, जाड हवं, असं ते म्हणाले. सगळं तेल काढलं, जाड तेल भरलं, तेही गाळून. जाड तेल लवकर उतरेना म्हणून कोणी बोटानं रुई दाबली, कोणी काडीनं टोचली. शेजारचे वकील म्हणाले, काटाच खोटं बोलतो. त्यांना अख्खं गाव खोटं बोलतंय असं वाटायचं, तो त्यांचा धंदाच होता. दुसरा काटा मागवून बसवला. तोही अंगणात उभा आणि रस्त्यावर आडवा.

आमचे हे जीनवर असायचे. त्यांचं मत विचारलं तर शेवटी जो बोलला असेल त्याचं मत ते सांगायचे.

दर फेरीला मागच्या सीटवर मीच असायचे, कारण न जाणो, काटा उभा राहिलाच तर तसंच पुढे जाऊ, अशी आशा होती. साडी नेसून, पुस्तकं मांडीवर घेऊन मी त्या काट्याकडे बघत बसायचे. बघून बघून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा बोललेच. म्हटलं, "मामाजी, गाडी उभी असली की काटा ठीक असते, जोरात पळाली की पडते. थांबलं की पुन्हा उठते. तुम्ही तर उभ्या गाडीलेच तपासून राह्यले."

 मग दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही परीक्षेचं पाहा. इंजिनाचं आम्ही पाहतो."

"परीक्षेचं इंजिनावरच अडलं हाय ना, भाऊजी," मी म्हणाले, आणि ट्रे जरा जोरात ठेवला. दोन कप कलंडले. वकिलांनी सांडलेला चहा रुईनं पुसला.

परीक्षा परवावर आली तेव्हा सासऱ्यांनी यवतमाळहून मिस्त्री बोलावला. मोठा नावाजलेला मिस्त्री. त्यानं गाडीला हात लावायच्या आधीच खुर्ची मागितली. मग पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेअरिंग गई, शेठ. इंजन खोलना पडेगा." दिरांनी मला नंतर सांगितलं, की त्या वर्षी त्यानं पाहिलेल्या प्रत्येक गाडीची बेअरिंगच गेलेली निघाली होती. मी घरात जाऊन पुस्तकांचं गाठोडं सोडून टाकलं. खरं सांगते, रडले. दुःखानं नाही, संतापानं. माझं आयुष्य एका घड्याळाएवढ्या चकतीवर टांगलं होतं आणि तिच्याभोवती सगळे चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री गाडीखाली शिरला. इंजिनाखालचा तेलाचा टोप, त्याला तो चेंबर म्हणायचा, त्यानं खोलला. चेंबर खाली आला आणि त्याच्या मागोमाग काळं, चिकट, लोंबतं असं काहीतरी बाहेर आलं. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, आत काय मेलं?"

मेलं काही नव्हतं. ती रुई होती. ज्या जाळीतून पंप तेल ओढतो, ती जाळी रुईनं लिंपून गेली होती. कांडीवरची रुई, नरसाळ्यातली रुई. शिवाय तेल ओतायच्या तोंडाचं झाकण कधीतरी हरवलं होतं आणि तिथे सासरे रुईचा बोळा कोंबत असत. बोळा दिसेनासा झाला की वाऱ्यानं उडाला समजून दुसरा, जास्त मोठा कोंबत. वाऱ्यानं एकही उडाला नव्हता. गाडी पळाली, तेल जोरात ओढलं गेलं, की ती सगळी रुई जाळीला जाऊन चिकटायची. गाडी थांबली की सुटून खाली बसायची. आमच्या सभेनं जितकं निदान केलं, तितका रोग वाढवला होता.

 प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता. सासऱ्यांनी मात्र त्या लगद्यातला पुंजका उचलला, जन्माच्या सवयीनं दोन बोटांत धरून ओढून पाहिला आणि म्हणाले, "धागा लंबा हाय. आपल्याच जीनची हाय."

मिस्त्रीनं बेअरिंग पाहिली. ती ठणठणीत निघाली, त्याचा चेहरा पडला. जाळी धुऊन त्यानं ती पुसायला हात पुढे केला, आणि दिरांनी त्या हातात काय द्यावं? रुई. मी धावत जाऊन माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि त्याच्या हातात कोंबला.

"अब चेंबर का पॅकिंग चाहिए," मिस्त्री चेंबरच्या कडेची फाटकी पट्टी दाखवत म्हणाला. "पुराना फट गया. यवतमाळ में मिलेगा. सबेरे सर्व्हिस से कोई जाके ले आओ, शाम तक गाडी तैयार."

उद्या सकाळी माझा पहिला पेपर होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मी आणते."

सासूबाई म्हणाल्या, "सर्व्हिसमधून? तू?"

"परीक्षेले थोडीच जाऊन राह्यली, आत्याबाई? मोटारीच्या कामाले जाऊन राह्यली."

 परीक्षेसाठी सून सर्व्हिसमध्ये बसली असती तर घराण्याला बट्टा लागला असता. मोटारीसाठी बसली तर ती घरची सेवा होती. सासरे मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बाईमाणसाले पॅकिंग समजत नाही. मी येतो संगं."

सकाळी आम्ही दोघं सर्व्हिसमध्ये चढलो. सासरे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मी बायकांत, मांडीवर पुस्तकं. एक कोंबडी, दोन पोती आणि कोणाची तरी म्हातारी आमच्यासोबत होती. गाडी लाडखेड ओलांडून सुसाट निघाली तसे सासरे अस्वस्थ झाले. पुढे वाकून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "काहून गा, तुह्या तेलाचा काटा तर पडेल हाय!"

"तो पहिल्यापासूनच मेला हाय, मालक," ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला. "सकाळी फडक्यानं कांडी पुसतो, तेल पाहतो, अन् निघतो."

सासरे मागे टेकले.  उतरल्यावर ते आधी पॅकिंगच्या दुकानाकडे वळले, चार पावलं गेले, थांबले, आणि मला परीक्षेच्या दारापर्यंत सोडून मग दुकानात गेले.

बाकीचे पेपर मी यवतमाळच्या माझ्या मावशीकडे राहून दिले. पास झाले. मोटार नंतर उत्तम चालली आणि दारात उभी राहिली. पुढच्या परीक्षांना मी सर्व्हिसनेच जात राहिले, कोणी काही म्हटलं नाही. बैठकीत मात्र सासरे पाहुण्यांना मोटार दाखवून सांगायचे, "आमची सून हिच्यामुळं शिकली."

मी चहा ठेवता ठेवता मान डोलवायचे. खोटं कुठे होतं? ती मोटार धड चालत असती, तर मी आयुष्यभर तिची वाट बघत मागच्या सीटवर बसून राहिले असते.