गौरीचे हात

जिचं नावही मी कधी विचारलं नाही तिच्याविषयी लिहितो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो.

गौरी यायच्या आदल्या दिवशी ती बारवीकडच्या पाड्यावरून येऊन बदलापूर स्टेशनबाहेर कळलावीची फुलं विकायची. आमच्याकडे त्यांना गौरीचे हात म्हणतात. सागाच्या पानात जुडी बांधताना एकही पाकळी दुमडू द्यायची नाही. कॉलेजात वनस्पतीचा नमुना मुळासकट लागायचा, म्हणून मी तिच्याकडे त्या वेलीचा कांदा, म्हणजे जमिनीतला कंद, मागितला.

"फुलं ने, बाबा. कांदा जमिनीत ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कांदा गेला तं पुढल्या साली गौर थोटी येल. झाड बघायचं तं ये, पाड्यामागच्या उतारावर हाय."

मी गेलो आणि ती नसताना एक कांदा खणून आणला. नमुन्याच्या चिठ्ठीवर नियमाप्रमाणे जागा लिहिली. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. चिठ्ठी वाचून पुढच्या वर्षीचा सगळा वर्ग कुदळी घेऊन तिथे गेला.

यंदा तिच्या जागेवर तिची शेजारीण काकड्या घेऊन बसली होती. मी चौकशी केली.

"ती वांगणीला बांधकामावर विटा उचलते," शेजारीण म्हणाली. "उतारावर काय उरलं नाय. तिच्या घरची गौरपण औंदा बिनहाताची."