खडाच हाय

मुतखड्यावर आमच्या घरमालकांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या तळवलीत सापडणार नाही. शेती गेली, तिथे चाळ उभी राहिली आणि काकांकडे लावायला उरली ती दारातली पानफुटीची कुंडी. तरुणपणी पडलेला स्वतःचा खडा त्यांनी कुंकवाच्या करंड्यात जपला होता. खोली बघायला येणाऱ्याला ते आधी तो दाखवत, मग खोली. कोणी कमरेवर हात ठेवून उभं राहायची खोटी, काका दोन पानं खुडून हजर. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाने कंबर धरून आळस दिला, तर त्यालाही पानं चावायला लावून वर कुळथाचं कढण पाजलं. मीटर वाचायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी रबाळ्याला कामावर निघताना माझ्या डाव्या कुशीत अशी कळ आली की मी जिन्यातच बसलो. वय सत्तावीस. काकांनी पाठीवर बोटं दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "खडाच हाय. टेन्शन घेव नको, मी हाय ना." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही खडाच धरून गोळ्या दिल्या. तीन दिवस सकाळी अनशापोटी चावायची पानं घेऊन काका दारात. चौथ्या दिवशी ताप आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनीच मला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. खडा नव्हताच. मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी आतून फाटून तिच्यात गुठळी अडकली होती. तरुणांत हे फार क्वचित होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण पहिल्याच दिवशी आला असतात तर काही वाचलं असतं. आता डावं मूत्रपिंड अर्ध्याहून जास्त मेलं होतं. काका माझ्या मागे उभे होते.

"बाई, परत बघा ना," ते म्हणाले. "बारका असंल कनच्या तरी कोपऱ्यान."

त्यानंतर कुंडी रिकामी झाली, करंडाही दिसेनासा झाला. डॉक्टरही चुकले होते, हे मी किती वेळा सांगितलं. काका मान हलवतात आणि उठून आत जातात. मी रक्त पातळ करायच्या गोळ्या खातो आणि कुठे जरा दुखलं की गारठतो. गेल्या आठवड्यात बादली उचलताना उजवीकडे चमक भरली. दुसरंही गेलं, असंच वाटलं. ती नुसती उसण निघाली, पण ते नंतर. मी खाली जाऊन काकांना सांगितलं, तर कुठे दुखतं हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. "चल," एवढंच म्हणाले आणि चपला घालून रिक्षा थांबवायला धावले. रस्ताभर मी वाट पाहत होतो, की ते एकदा तरी पाठीवर बोटं दाबून खडाच हाय म्हणतील. काका माझा हात घट्ट धरून बाहेर बघत बसले होते.