रहेमतबीच्या वाटणीचं सीताफळ

मांजरसुंब्याच्या चौकात रहेमतबीच्या हातगाडीसमोर उभं राहून "गोड हाय का?" असं फक्त नवखा माणूस विचारतो. रहेमतबी तोंडानं उत्तर देत नाही. डोळे उघडलेलं एक सीताफळ उचलते, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडते अन् विचारणाऱ्याच्या नाकाखाली धरते. "चाख. मग बोल."

नवरा नबी गेला तेव्हा बिरादरीतले चार जण सांगायला आले होते, बाईमाणसानं हायवेच्या चौकात उभं राहणं शोभत न्हाई. तिनं त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी गाडी चौकात लावली. बोलणारे बोलत राहिले, ती सीताफळं विकत राहिली. त्याच गाडीवर मुस्तकीम मोठा झाला, गॅरेज टाकून बसला. आणि आता तोच मुस्तकीम म्हणत होता, गाडी बंद.

कारण साखर. रहेमतबीच्या पायाला चपलेचा खिळा लागला, जखम भरेना, म्हणून दवाखान्यात रक्त तपासलं. आकडा ऐकून मुस्तकीमचं डोकं फिरलं.

"दिवसभर सीताफळाच्या ढिगात बसती अम्मी, अन् म्हणती खात न्हाई! मग साखर काय हवेतनं आली?"

"अल्लाकसम, एक बी फळ उचलून खाल्लं न्हाई मी."

"बास. जुम्म्याला गाडी बघायला माणूस यायलाय. इकून टाकू."

मार लागावा तसं तिला झालं. गाडी गेली तर ती कोण? घराच्या कोपऱ्यात गोळ्या गिळणारी म्हातारी. आणि वर चोरीचा आळ! लबाडी तिनं गिऱ्हाइकाशी कधी केली नव्हती, पोटच्या पोराशी कशाला करील?

दुसऱ्या दिवशी छबुबाई डोंगराकडं शेळ्या घेऊन निघाली होती. वाटेत गाडीपाशी टेकणं हा तिचा नेम. रहेमतबी तिच्यापुढं पोराला शिव्या घालत होती, तेवढ्यात एक मोटार थांबली. रहेमतबीनं फोडलेल्या फळातला मोटारवाल्यानं एक घास घेतला, पाटीभर सीताफळं घेतली, गेला. रहेमतबी पुन्हा शिव्यांकडं वळली.

"अगं बया, थांब," छबुबाई म्हणाली. "तोंडात काय हाय तुझ्या?"

रहेमतबीनं तळहातावर बिया काढल्या. "ह्ये? ह्ये तर उरलेलं हाय. फोडलेलं कोण घेतंय? टाकून कसं द्यायचं?"

"मग उरलेल्यात साखर नसती का?"

रहेमतबीनं बिया मुठीत झाकल्या.

"माजी शेळी दिसंल ते खाती, पर सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत न्हाई. तिला बी कळतंय," छबुबाई हसत उठली. "दिसाला किती गिऱ्हाइकाला चव दाखवती तू?"

रहेमतबीनं मोजलं नाही. मोजायची भीती वाटली. भीतीमागून राग आला, आणि तो तिला बरा वाटला. कारण तिला एकेक आठवत गेलं. पोरांच्या ताटातली अर्धी भाकरी. पातेल्याच्या बुडाचं खरवडलेलं सालन. सगळ्यांना ओतून झाल्यावर तळाशी राहिलेला, साखर साचलेला चहा. हे सगळं तिनं आयुष्यभर पोटात घातलं आणि कुणी विचारलं, तर खरेपणानं सांगितलं, मी काही खाल्लं नाही. बायांचं उरलेलं खाणं आपल्याकडं खाण्यात धरतातच कुठं! पण रक्त धरतं. रक्त सगळं धरतं.

पाय ओढत ती एकटीच दवाखान्यात गेली.

"सीताफळ अजिबात बंद का?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, भांडायला आल्यासारखं.

"गोळ्या रोज घ्यायच्या. पायाचं ड्रेसिंग चुकवायचं नाही, जखम भरली की रोज चालायचं. रक्त तपासत राहायचं," बाई म्हणाल्या. "एवढं करणार असाल तर आठवड्यातून एकदा अर्धं खा. त्या जेवणातली भाकरी कमी करून. आणि आकडा चढला, तर तेही बंद."

"अर्धं चालंल. पर उष्टं न्हाई, माझ्या पसंतीचं."

बाईंना काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

जुम्म्याला मुस्तकीम गाडी बघणाऱ्या माणसाला घेऊन आला, तेव्हा रहेमतबी गाडीपुढं खुर्ची टाकून, रस्त्याकडं तोंड करून बसली होती. समोरच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर चहा थांबवून बघत होते. तिनं ढिगातलं सगळ्यात देखणं फळ निवडलं. गिऱ्हाइकासाठी राखतात ते. फोडलं. आणि एकेक पाकळी सावकाश खाऊ लागली.

"अम्मी! सगळे बघायलेत."

"बगू दे. कशाला लपू? चोरी हाय का?"

"डॉक्टरनं..."

"डॉक्टरलाच इचारून आले. अर्ध्याची परवानगी हाय. ह्ये अर्धं माझं, आठवड्याचं. बाकी दिवस फोडलेल्या फळाला माझा हात लागणार न्हाई. उष्टी खाऊन साखर वाढली माझी मुस्तकीम, हावरेपणानं न्हाई. तुझ्या ताटातलं उष्टं बी खाल्लं. म्हणून गाडी इकणार का माझी?"

अर्धं संपलं. तिनं बिया कागदात गुंडाळल्या आणि उरलेलं अर्धं पोरापुढं धरलं.

"ह्ये उरलं. आजपासून उरलेलं तू खायचं."

मुस्तकीमचे हात ऑइलनं काळे होते. त्यानं ते पँटला पुसले. ढाब्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. ती हात मागं घेणार नव्हती, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं ते अर्धं घेतलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं.

गाडी बघायला आलेला माणूस नवखा. तो चाकं न्याहाळायची सोडून ढिगाकडं वाकला. "गोड हाय का?"

रहेमतबीनं एक फळ फोडलं आणि दोन्ही अर्धी त्याच्या हातात कोंबली.

"पुरतं खायचं. न्हाई संपलं तर घरी न्यायचं. इथं ठेवायचं न्हाई."

"आन् गाडीचं काय?" त्यानं मुस्तकीमला विचारलं.

मुस्तकीमच्या तोंडात बी होती. ती थुंकून तो म्हणाला, "गाडी इकायची न्हाई. सीताफळं घ्या."