भागीचा चुंबक आणि उडणारे जर्मन

रोह्याबाहेर, कुंडलिकेच्या काठावरील भंगाराच्या शेडमध्ये भागी अठरा वर्षे धातू निवडत होती. तिची वाडी नदीपलीकडे होती. शाळा तिने पाहिली नव्हती. मोडक्या लाउडस्पीकरमधला एक चुंबक मात्र सुतळीला बांधून तिने गळ्यात अडकवलेला असे. चुंबक चिकटला तर लोखंड; चिकटला नाही, हाताला हलके लागले आणि विळ्याने खरवडल्यावर पांढरे निघाले तर जर्मन. अॅल्युमिनियमला तिकडे जर्मनच म्हणतात. तिच्या निर्णयावर कोणी शंका घेत नसे, आणि शेडमधला तिचा मान एवढ्यावरच उभा होता.

२०११च्या जानेवारीत मालकाने यंत्र बसवले. लोखंड आधीच काढून घेतलेला, कुटलेला माल पट्ट्यावरून पुढे सरके. पट्ट्याच्या टोकाच्या ढोलात चुंबक अतिशय वेगाने फिरत. तेथे पोहोचताच प्लास्टिक खाली पडे आणि जर्मनचे तुकडे मधल्या आडव्या फळीवरून उडून पलीकडच्या पेटीत जात.

"आत काय हाय?" भागीने विचारले.

"चुंबक," मुकादम पुंडलिक म्हणाला.

"जर्मनला चुंबक लागत नाय."

"मालकाच्या चुंबकाला लागतंय गो," शेजारी माल निवडणारी कमळी म्हणाली. "तुझा गरिबाचा हाय."

पुंडलिक हसला नाही. "शनिवारपर्यंत तुम्ही खाली पडलेलं प्लास्टिक निवडून बघायचं. खालच्या ढिगात जर्मन निघालं नाय, तर निवडायला बाया नकोत, असं मालक म्हणतात."

यंत्राबरोबर आलेल्या इंजिनिअरने तिला समजावले. चुंबक वेगाने फिरला की धातूच्या तुकड्यात वीज गोल फिरू लागते. त्या विजेने तुकडा स्वतःच क्षणभर चुंबक होतो आणि ढोल त्याला ढकलतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून ते पडते. भागीने पेटीतला एक तुकडा उचलून हातात धरला.

"वीज कुठं हाय? झटका नाय लागला."

"ढोलापासून दूर गेला की वीज संपते, बाई."

तिने मान हलवली; पण कळले असे तिला वाटले नाही. याचा परिणाम विचित्र झाला. खालच्या ढिगात बारीक, चकचकीत तारा सापडल्या तेव्हा दोन दिवस तिने त्या प्लास्टिकमध्येच टाकल्या. यंत्राने उडवल्या नाहीत, तर त्या जर्मन नसतील, असे तिने धरले. अठरा वर्षांत प्रथमच तिने आपल्या हाताला खोटे ठरवले.

शुक्रवारी दुपारी तिने एक तार विळ्याने खरवडली. पांढरी निघाली. दुसरीही. तिने टाकलेला सारा ढीग पुन्हा उपसला आणि घमेले भरून पुंडलिकपुढे ठेवले.

"हे जर्मन हाय. मीच चुकून टाकलं व्हतं."

पुंडलिकने इंजिनिअरला फोन लावला. बारीक तारेत विजेला फिरायला जागा मिळत नाही, ढकलणारे बळ अपुरे पडते, असे उत्तर आले. शनिवारी मालकाने घमेले पाहिले. भागी आणि कमळी दोघी कामावर राहिल्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत भागीने डब्याच्या जर्मनच्या झाकणाला आपला चुंबक टेकवला. चुंबक चिकटला नाही. झाकणही हलले नाही.

"कमळे, या चुंबकाचं पण खरं, त्या ढोलाचं पण खरं. कसं गो?"

"मला इचारू नको. झाकण लाव, भाकर वाळतेय."

भागीने चुंबक पुन्हा टेकवला.