नऊ ग्रॅमची वडी

"पाठ बघू."

कुणी पाकीटबंद काहीही खायला दिलं की काकूंचा हात पुढे यायचा आणि हे दोन शब्द. पाकीट उलटं करायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मागचं बारीक अक्षर डोळ्यांशी धरायचं. पुढच्या बाजूला काय छापलंय हे त्यांनी वाचलेलं मी कधीच पाहिलं नाही.

कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, आम्ही तिसऱ्या. त्यांची नोकरी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत झाली, दुधातलं फॅट काढण्यात. माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. त्यामुळे आमचं चांगलं जमायचं, म्हणजे रोज वाद व्हायचा.

एकदा माझ्या बायकोने दाण्याचं लोणी भरलेली चॉकलेटं आणली. "यात प्रोटीन असतं म्हणे, काकू."

काकूंनी पाठ बघितली. "आहे की, तीन ग्रॅम. साखर एकवीस. दाणे पाहुणे आले आहेत, घर साखरेचंच आहे." आणि एक चॉकलेट तोंडात टाकलं. "चव मात्र छान आहे हो. खाऊ म्हणून खा, औषध म्हणून नको."

आमच्या मुलीला आठव्या वर्षी मधुमेह निघाला, इन्सुलिन घ्यावं लागणारा. ज्यांच्या घरी हा नाही त्यांना एवढंच सांगतो: तिला खायला बंदी कशाचीच नाही, पण समोरच्या पदार्थात कर्बोदकं किती ग्रॅम ते कळायला हवं. तो आकडा बघून इन्सुलिन घ्यायचं. दुकानातल्या वस्तूवर आकडा असतो, घरच्या वडीवर नसतो. त्यामुळे इमारतीत कुणाचा वाढदिवस असला की ती ताटलीला हात लावायची नाही. मग निम्मे लोक म्हणायचे, "एवढ्याशाने काय होतंय?" आणि निम्मे म्हणायचे, "बिचारी." तिला दुसऱ्याचा जास्त राग यायचा.

अशाच एका वाढदिवसाला गच्चीवर काकू तिच्याशेजारी बसल्या. "तुला काय चालत नाही गं?"

"सगळं चालतं, काकू. फक्त कार्ब्ज किती ते माहीत पाहिजेत."

"एवढंच ना? कळेल."

पुढचे आठ दिवस दुसऱ्या मजल्यावर मिक्सर चालू होता. नवव्या दिवशी काकू डबा घेऊन वर आल्या. आत गोल वड्या, बाहेरून काळं चॉकलेट, आत दाण्याचं लोणी आणि किसलेला गूळ. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला, प्रयोगशाळेच्या वहीतलं असावं तसं अक्षर: 'एक वडी वीस ग्रॅम. चॉकलेट आठ, दाणे आठ, गूळ चार. कर्बोदकं नऊ ग्रॅम. प्रथिनं अडीच. उष्मांक एकशे पाच.'

"गूळ आहे म्हणजे चालेल," बायको म्हणाली.

"गूळ आहे म्हणून काही सूट नाही. तोही नऊमध्ये धरलाय."

त्या गेल्यावर मी पाच वड्या काट्यावर ठेवल्या. शंभर ग्रॅमला एक ग्रॅम कमी भरलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनीच विचारलं, "मोजल्यात ना? किती भरल्या?" मी सांगितलं. "मोजल्या नसत्यात तर मला वाईट वाटलं असतं," म्हणाल्या.

मग दर रविवारी चाळीस वड्या होऊ लागल्या. चार आमच्या, बाकीच्या आळीतल्या आठ-दहा घरी. मुलीने त्या मैत्रिणींच्या वाढदिवसाला नेल्या आणि सगळ्यांबरोबर खाल्ल्या. घरची, हाताने केलेली वस्तू तिने कुणाला काही न विचारता खाल्ली, हे मी किती वर्षांनी पाहत होतो ते तारखेनिशी सांगू शकतो. सांगत नाही.

मी काकूंना माझा एक काटा देऊ केला होता. त्यांनी घेतला नाही. "तीस वर्षं पिपेट धरलाय. माझी वाटी बरोबर ऐंशी ग्रॅमची आहे." गूळ त्या त्याच वाटीने घालायच्या, दोन वाट्या, मोठ्याने मोजत: "लाभ, दोन." त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. तिथे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं तरी काकूंचं मोजणं दुकानातलंच राहिलं.

एका रविवारी संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पातेलं.

"अहो, सारण उरलंय."

"मग त्यात काय, काकू?"

"सारण उरत नाही. चाळीस साचे भरले की पातेलं पुसून निघतं. आज हे एवढं उरलं."

मी ते काट्यावर ठेवलं. पातेल्याचं वजन वजा जाता ऐंशी ग्रॅम. एक वाटी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी 'लाभ, एक, दोन' म्हटलं असणार," काकू हळू म्हणाल्या. "तीन वाट्या पडल्या. पोरगी कुठे आहे?"

मुलगी आतून आली. दुपारीच तिने एक वडी खाल्ली होती, नऊ ग्रॅम धरून.

मी तोवर आकडेमोड केली. "काकू, वडीमागे जेमतेम पाऊण ग्रॅमचा फरक. डॉक्टरसुद्धा हसतील."

"हसू देत. कागदावर नऊ लिहिलंय." त्यांनी मुलीचा हात धरला. "तपास बघू."

मुलीने बोट टोचलं. "एकशे बेचाळीस. काकू, मस्त आहे. काहीही झालेलं नाही."

"हा आकडा तुझा. माझा चुकला तो चुकलाच."

त्या रात्रीचं जेवण न करता काकू आळीत घरोघर फिरल्या आणि वाटलेल्या वड्या परत मागितल्या. लोकांनी त्या खाल्लेल्या होत्या; ते हसले, चार टोमणे मारले. "काकू, विष घातलंत की काय?" "नाही, गूळ," काकू म्हणायच्या आणि पुढच्या दारी जायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर आल्या. "तुमचा तो काटा द्या," म्हणाल्या. मी दिला. मग मुलीकडे वळल्या. "आणि रविवारी तू ये. मी घालीन, तू मोज. मला आता साक्षीदार लागणार."

असे सात-आठ महिने गेले. मग काटा सुरू करायचा राहून जाऊ लागला, एकदा दाणे भाजायचे राहिले आणि मिक्सर तसाच फिरला. काकूंचा मुलगा येऊन त्यांना मांजरी गावातल्या आपल्या घरी घेऊन गेला. निघताना काकूंनी काटा मला परत केला आणि वाटी मुलीच्या हातात दिली. वाटीला चिकटपट्टी लावलेली, वर 'सपाट ८०' असं लिहिलेलं. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

वड्या आता आमच्या स्वयंपाकघरात होतात. मुलगी कॉलेजात आहे, गूळ काट्यावर मोजते, पण काट्यावरच्या भांड्यात ओतते त्या वाटीनेच. बाहेर पेपर वाचता वाचता मला ऐकू येतं, "लाभ, दोन."

तिचं झालं की पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत जातो आणि पातेल्यात डोकावतो. ते पुसून निघालेलं असतं.