साहेबाच्या विमानातल्या खुर्च्या

बड्या साहेबाच्या विमानातला सोफा मी एकदा कचरा थेट तळाशी टाकायच्या नळीत, शूटमध्ये टाकला आणि त्या जागी पंगत मांडावी तशा खुर्च्या चिकटवल्या. वर स्वतःच्या हुशारीचं कौतुकही करून घेतलं. त्या वयात मला माझ्या सगळ्याच गोष्टींचं कौतुक वाटायचं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही परदेशात, बिशान नावाच्या वस्तीत दहाव्या मजल्यावर राहायचो. हे मरीन इंजिनिअर, म्हणजे बहुतेक वेळ बोटीवर. घरात मी, शाळकरी लेक आणि पुण्याहून आलेले माझे सासरे. मामंजी तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते. त्यांच्या हाताखालचं विमान जुनं, पंखांची एकच जोडी असलेलं, मुळात प्रवाशांसाठी बांधलेलं. पुढे ते दलानं घेतलं आणि बड्या अधिकाऱ्यांची ने-आण करायला सजवलं. त्याच विमानाचं मॉडेल मामंजी हलक्या लाकडातून, निव्वळ आठवणीवर करत होते. त्यांची नजर विझत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर विमान पुरं व्हावं, एवढाच त्यांचा ध्यास.

एका सकाळी ते खाली फिरायला गेले. धूळ पुसता पुसता मी विमानाचं छत उचललं. आत किरमिजी मखमलीचा दोन माणसांचा गुबगुबीत सोफा, पुढ्यात बोटाच्या पेराएवढं टेबल, खिडक्यांना पडदे आणि बाकी सगळी जागा मोकळी. मखमल माझ्याच ब्लाउजपीसची. एवढ्या विमानात दोनच माणसं कशी असतील? म्हणजे लेकीनं आत बाहुलीचं घर थाटलं, असा मी निकाल लावला.

"आजोबांच्या विमानात खेळतेस?"

"नॉट मी लाह, आई."

"इथल्या पोरांसारखं लाह-लाह करू नकोस."

सोफा आणि टेबल गेले शूटमध्ये. मग काड्यापेटीचा पुठ्ठा कापून मी ओळीनं खुर्च्या केल्या, चांगला घट्ट गोंद लावला आणि छतसुद्धा चिकटवून टाकलं. मामंजींचं काम वाचवलं ना मी!

मामंजी आले. छत उघडेना, तेव्हा खिडकीला भिंग लावून बघत बसले. बराच वेळ.

"आतला सोफा?"

"तो... तो तुम्ही केला होता?"

"महिनाभर बसून. आता जमायचा नाही."

चपला न घालताच मी लिफ्टनं खाली धावले. कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती. शेजारची चिनी आजी माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

संध्याकाळी मी मामंजींपुढे चहा ठेवला, तो निवला. मी दुसरा केला. विमान मांडीवर घेऊन ते खिडक्यांवरून बोट फिरवत होते, आणि अचानक त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. बघते तर हसत होते.

"सूनबाई, खरं विमान आमच्याकडे आलं तेव्हा अस्संच होतं. ओळीनं खुर्च्या. त्या उपटून साहेबाचा सोफा बसवायला मलाच जुंपलं होतं, आणि मला त्यावर एकदाही बसू दिलं नाही. राहू दे आता अशाच. साहेब आला तर सांग, मागे जागा आहे, सरकून बस."