डाळ शिजते का तिथं?

पाण्याचा ग्लास हातात दिला की मामाजी तो लगेच पीत नसत. आधी एक घोट तोंडात घेत, डोळे मिटत, घोट या गालातून त्या गालात फिरवत आणि गिळून झाला की विचारत, "यात डाळ शिजते का?"

अड्याळला बाजाराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. मामाजी पहिल्यांदा आले ते आधार कार्डाच्या कामासाठी. जन्मभर धान रोवून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या आणि मशीन काही ठसे घेईना. अर्धा तास आम्ही दोघं त्या मशीनशी भांडलो. शेवटी मी त्यांना पाणी दिलं, तर हा प्रश्न. मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "मामाजी, हे प्यायला दिलंय, वरण लावायला नाही." त्यांना माझं उत्तर फारच आवडलं असावं, कारण त्यानंतर ते दर बाजाराच्या दिवशी येऊ लागले, काम असो वा नसो.

ते माझे कोणी लागत नव्हते. पण आमच्याकडे मोठ्या माणसाला एकदा मामाजी म्हटलं की त्याला तुमच्या दुकानात बसण्याचा आणि तुमच्या गिऱ्हाइकांना सल्ले देण्याचा हक्क आपोआप मिळतो. एका मास्तरांचा बदलीचा अर्ज मी भरत होते, तर मामाजींनी मागून वाकून पसंतीचं पहिलंच गाव खोडायला लावलं. तिथं डाळ शिजत नाही म्हणे. मास्तरांनी खोडलंही! कुणाच्या मुलीची सोयरीक जुळल्याची बातमी आली की मुलगा काय करतो हे आम्ही विचारायचो, आणि मामाजी विहिरीची चौकशी करायचे. असा एखादा एकाच प्रश्नावर जग तोलणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

या प्रश्नामागची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनासाठी साहेबांनी दोन जागा दाखवल्या. मामाजींना पाण्यातलं कळतं असा गावाचा समज होता, म्हणून जागा निवडायला त्यांनाच पुढे केलं. त्यांनी दोन्हीकडच्या विहिरींचं पाणी चाखलं आणि त्यातलं गोड पाणी निवडलं. पण तो श्रावण होता. विहिरीत होतं ते सगळं वरून पडलेलं. उन्हाळा लागला, विहीर तळाला गेली आणि खालचं खरं पाणी वर आलं. जड पाणी. त्यात डाळ घंटाभर उकळली तरी दाणा अख्खाच.

गाव त्यांना काही बोललं नाही. बोलली ती बायको, आणि तीही तोंडानं नाही. कुठूनतरी दुरून चांगलं पाणी आणून ती वरण करायची, पण मामाजींच्या ताटात वरणावर पाच-सहा न शिजलेले दाणे मुद्दाम ठेवायची. ती असेपर्यंत हे चाललं. "मी तिचं पानी चुकवलं, बाई," असं मामाजी मला एकदा म्हणाले आणि लगेच पेरूच्या भावावर बोलू लागले. पण माणूस कुठे अडकलाय ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांना एकच मुलगी. नर्स. नागपुरात शिकली, मग परदेशी गेली. गेल्या वर्षी तिला म्हाताऱ्यांच्या देखभालीचं काम दोन ठिकाणी मिळत होतं, दोन्ही समुद्राकाठची गावं, दोन्ही भूमध्य समुद्रातल्या बेटांवर. एक माल्टाजवळच्या गोझो बेटावरचं मार्सालफोर्न, दुसरं सायप्रसमधलं लार्नाका. तिनं बापाला सांगितलं, की तुम्ही म्हणाल तिथे मी सही करते, पण मग तुम्हीही माझ्याजवळ यायचं. पोरगी हुशार. बाप नुसता 'ये' म्हटल्यानं येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

मामाजी पेचात पडले. गावाचं नाव घ्यायचं म्हणजे इथून उठायचं, आणि उठून पुन्हा चूक केली तर? या वेळी ती पोरीला भोगावी लागणार. "एक डाव गाव निवडलं मी," ते म्हणाले, "आता माह्या जिभीवर माहाच भरोसा नाई."

पण उत्सुकता कुठे गप्प बसते! माझ्या दुकानातल्या मोठ्या पडद्यावर नकाशात ती दोन्ही गावं वरून दिसतात हे कळल्यावर मामाजींचा मुक्काम वाढला. अजून खाली घे, जरा बाजूले घे, असं करत ते गावं पाहायचे आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली माणसं मागे उभी राहून पाहायची. हळूहळू दोन पक्ष पडले. गोझोतल्या होड्यांना पुढच्या बाजूला डोळे रंगवलेले असतात, ते पाहून समोरचा पानठेलेवाला त्या गावावर फिदा झाला. मामाजी साशंक. "ज्या डोंग्याले डोये लावा लागतात, तिथच्या पान्याचा का भरोसा?" त्यातून त्या बेटावर विमान नाही, बोटीनं जावं लागतं. लार्नाकाच्या कडेला मिठाचं मोठं तळं होतं, त्यात गुलाबी पाखरं. मामाजी त्याला बोडी म्हणायचे, आपल्याकडे धानाच्या शेतांजवळ असते तशी. बोडीच्या काठाला एक लांबलचक सरळ पट्टी दिसली, ती कसली म्हणून त्यांनी विचारलं. मी विमानतळ म्हटल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. अशा आवाजात लोकांना झोप येते तरी कशी, असं त्यांचं मत पडलं.

शेवटी त्यांनी परीक्षा ठरवली. मुलगी दिवाळीला आली होती. परत जाताना ती दोन्ही गावांत आठ-आठ दिवस राहून पाहणार होती. मामाजींनी आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीची डाळ मोजून दोन मुठी घेतली आणि फडक्यात दोन गाठी बांधून तिच्या बॅगेत टाकली. एक मूठ इकडे शिजवायची, एक तिकडे. कुकर नाही, सोडा नाही, नळाचं पाणी आणि उघडं भांडं. बिचारीनं हो म्हटलं.

निकालाचा दिवस बाजाराचा होता. पडद्यावर मुलगी आली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं दोन वाट्या दाखवल्या, गोझोची फोटोत आणि लार्नाकाची हातात. गोझोची डाळ दीड तासानंतर अख्खी. लार्नाकाची डाळ दीड तासानंतर अख्खी. दोन्हीकडचं पाणी जड, आणि दोन्हीकडची माणसं प्यायला बाटलीतलं पाणी आणतात.

पानठेलेवाल्यानं पहिल्यांदा हसायला सुरुवात केली आणि मामाजींचं तोंड पाहून थांबला. मामाजी खुर्चीत मागे सरले. "मंग मी नाई सांगत," ते म्हणाले. "तूच पाहाय बापा. मले यातलं काई समजत नाई."

मुलीनं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, आपल्या गावातही डाळ शिजत नाई. मंग आई तिथं काहून राह्यली?"

"मी निवडलं म्हून."

"नाई. साहेबानं दाखवलेली दुसरी जागा रस्त्यापासून आत होती. आपल्या गावातून शाळेची बस जाते. आई मले सांगे, तुह्या बापानं पानी पाहून गाव घेतलं, मी रस्ता पाहून हो म्हटलं. तुमी चुकले म्हून मी शिकली, बाबा."

"मंग ते दाने?"

"ते तुमची मजा घ्यासाठी. तुमी दरखेप मोजत होते, अन् ती चुलीपाशी हासत होती."

इतकी वर्षं हा माणूस ज्या दाण्यांना शिक्षा समजून गिळत होता, ती बायकोची थट्टा होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते. मामाजींनी रुमालानं चेहरा पुसला आणि मला म्हणाले, "बाई, ते मिठाची बोडी लाव."

मी नकाशा लावला. त्यांनी बोडीच्या काठावरच्या त्या सरळ पट्टीवर बोट ठेवलं, ज्या बोटाचा ठसा कोणतंही मशीन घेत नाही. "इथं राहा. मनात आलं तं घरी येता येते. डोंग्याची वाट पाहा लागत नाई."

जायच्या आदल्या आठवड्यात ते दुकानात आले. मी पाणी दिलं. या वेळी त्यांनी ते सरळ पिऊन टाकलं, दुसरा ग्लास मागितला आणि तोही प्याले. जाताना माझ्या टेबलावर डाळीची एक गाठ ठेवली. मी ती दुसऱ्या दिवशी शिजवली. आमच्याकडे मऊ शिजते. आता बाजाराच्या दिवशी ती खुर्ची रिकामी असते आणि मास्तर लोक बदलीची गावं आपापल्या मनानं भरतात. मला करमत नाही.

महिन्यानं फोनवर एक फोटो आला. खिडकीपाशी टेबल, बाहेर समुद्र, ताटात भात आणि वरण. वरणावर मुद्दाम मांडलेले सहा अख्खे दाणे. खाली मामाजींचा आवाज होता.

"डाळ नाई शिजत, बाई. गाव चांगलं हाय."